जॅझचं कपाट कोलकात्यापासून लावायला घ्या

जॅझ ऐकायचाय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' ऐका, मग जॉन कोल्ट्रेन घ्या, पुढचं आपोआप सुचेल. सल्ला खोटा नाही. पण ख्याल, ठुमरी, नाट्यगीत यांवर कान तयार झालेली पुष्कळ माणसं या वाटेने चार अल्बमपर्यंत जातात आणि तिथेच थांबतात. संगीत आवडत नाही असं नसतं. ते कुणाचं, कुठलं, कशासाठी, याचा पत्ता लागत नाही, आणि पत्ता नसलेलं संगीत आपल्याकडे फार काळ टिकत नाही.

म्हणून मी वेगळी वाट सुचवतो. एक शहर धरा आणि त्या शहराचा धागा ज्या अल्बमांतून जातो ते अल्बम गोळा करा. शहर कोलकाता घ्या. आणि शक्यतो छोट्या, स्वतंत्र लेबलांचं घ्या. म्हणजे सोनी, युनिव्हर्सल, वॉर्नर या तीन बड्या घराण्यांच्या बाहेरचं. यातली काही लेबलं पन्नास वर्षं जुनी आणि नावाजलेली आहेत, तर काहींचा सगळा कारभार एका वादकाच्या घरातल्या टेबलावर चालतो. आजचा चांगला जॅझ बराचसा इथेच निघतो. कोलकात्याचा तर जवळपास सगळाच.

याला इतिहास आहे. ग्रामोफोन कंपनीचा दमदमचा कारखाना १९२८ पासून अख्ख्या देशासाठी रेकॉर्ड दाबत होता. त्याच शहरात चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात, पुढे पार्क स्ट्रीटच्या ट्रिंकाज, मोकँबो, ब्लू फॉक्समध्ये रोज रात्री जॅझ वाजत होता. शिकागोत नाव कमावून आशियात आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड महायुद्धाच्या काळात ग्रँडमध्ये वाजवायचा. १९४५ च्या एप्रिलमध्ये कॉलऱ्याने तो कलकत्त्यातच गेला. पुढच्या पिढीत दार्जिलिंगहून आलेले लुईस बँक्स, गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि गायिका पॅम क्रेन यांनी पार्क स्ट्रीट गाजवला. आता या सगळ्याच्या रेकॉर्ड शोधायला निघा. हाती फार थोडं लागतं. कारखाना हाकेच्या अंतरावर होता, पण कंपनीचा धंदा चित्रपटाच्या गाण्यांवर, रवींद्रसंगीतावर आणि रागदारीवर चालायचा. हॉटेलातल्या बँडची रेकॉर्ड कोण घेणार, असा सरळ हिशेब होता.

जे थोडं मुद्रित झालं तेही पुढे कंपनीच्या कपाटात पडून राहिलं. ते बाहेर आलं १९८० च्या दशकात, इंग्लंडमधल्या हार्लेक्विन या छोट्या लेबलमुळे. 'जॅझ अँड हॉट डान्स इन इंडिया' या त्यांच्या संकलनात १९२६ ते १९४४ चा काळ येतो. ग्रँड हॉटेलच्या लेकीम यांच्या वाद्यवृंदापासून वेदरफर्डपर्यंतची मंडळी तिथे एकत्र भेटतात. हे संकलन मिळालं तर घ्या, पण त्यापासून सुरुवात करू नका. ७८ च्या तबकडीवरचा तीन मिनिटांचा नाचाचा तुकडा आज ऐकताना आधी खरखर ऐकू येते, संगीत नंतर.

सुरुवात झोई रहमानपासून करा. ही इंग्लंडची पियानोवादक; वडील पलीकडच्या बंगालचे. तिचं स्वतःचं लेबल आहे, मानुषी रेकॉर्ड्स. २००८ चा 'व्हेअर रिव्हर्स मीट' हा अल्बम पूर्ण बंगाली गाण्यांवर उभा आहे. भाऊ इद्रिस रहमान क्लॅरिनेट वाजवतो. मराठी कानाला हा अल्बम लवकर का धरतो, ते ऐकताना कळेल. चाली ओळखीच्या वळणाच्या आहेत. हेमंत मुखर्जी नावाचा बंगाली आवाज आपल्याकडे कोळीगीतातूनही घरोघरी पोचला होता, त्यामुळे त्या सुरावटीची जात आपल्याला परकी नाही. एकदा चाल हातात आली की पियानो तिचं काय करतो हे बघता येतं. पियानोला मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं त्याला जमत नाही, मधल्या श्रुती त्याच्या पट्टीत नाहीत. मग झोई ती जागा कॉर्डने, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या जुडीने, भरते, दोन स्वर एकमेकांना खेटून वाजवते, किंवा सरळ मोकळी सोडते. तोच स्वर क्लॅरिनेटवर आला की इद्रिस तो ओढून घेतो. एकाच चालीची ही दोन रूपं शेजारी ठेवून ऐका. जॅझमधल्या हार्मनीविषयी पुस्तकातून जे डोक्यात शिरत नाही ते इथे दोन गाण्यांत शिरतं.

दुसरा अरुण घोष. हाही इंग्लंडमध्ये, बोल्टनला वाढलेला, मुळं कलकत्त्याची, वाद्य क्लॅरिनेट. लेबल पुन्हा स्वतःचं, कामोची रेकॉर्ड्स. २००८ चा 'नॉर्दर्न नमस्ते', २०११ चा 'प्रायमल ऑडिसी', २०१३ चा 'अ साउथ एशियन सुइट' हे तीन अल्बम या क्रमाने ऐकावेत. झोईकडे चाल मुख्य, घोषकडे ठेका. इथे शांत बसून ऐकण्यापेक्षा घरात काम करता करता ऐका. आठवड्याभरात सुरावटी तोंडात बसतात आणि मग मुद्दाम बसून ऐकायला घेता येतात. क्लॅरिनेट आपल्याकडे लग्नाच्या बँडमुळे बदनाम झालं, हे खरं म्हणजे त्या वाद्याचं दुर्दैव. घोष ऐकल्यावर ते थोडं भरून निघतं.

इथवर आलात की माझ्या मते या सगळ्या धाग्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या माणसाकडे वळायला हरकत नाही. जॉन मेयर. जन्म १९३० चा, कलकत्त्याचा, अँग्लो-इंडियन, घरची गरिबी. व्हायोलिन शिकला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेला. पुढे लंडनमध्येच जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट त्याला भेटला, आणि दोघांनी मिळून दहा वादकांचा ताफा उभा केला: पाच जॅझवाले, पाच भारतीय वाद्यांचे. १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ सुइट' निघाला. या रेकॉर्डचं आवरण हातात घेतलंत तर नावं नीट वाचा. तबल्यावर केशव साठे आहेत, मुंबईहून लंडनला गेलेले. सतारीवर दिवाण मोतीहार. तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. भारतीय आणि जॅझ यांच्या भेटीचा इतिहास सांगताना लोक 'शक्ती' या बँडपासून सुरुवात करतात. त्याच्या आधी जवळजवळ दहा वर्षं लंडनच्या स्टुडिओत एक साठे ठेका धरून बसले होते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

या रेकॉर्डवर चार रचना आहेत. त्यांतल्या दोन 'रागा मेघा' आणि 'रागा गौड सारंगा'. आता इथे मराठी श्रोत्याची एक खोड आडवी येते. गौड सारंग म्हटलं की आपण लगेच 'ग रे म ग, प रे सा' शोधायला लागतो, वक्र चलन कुठे दिसतं का ते बघतो, आणि दोन मिनिटांत तोंड वाकडं करतो. तसं करू नका. मेयरने राग हा स्वरांचा साठा म्हणून घेतलेला आहे. चलन, न्यास, वादी-संवादी यांची जबाबदारी त्याने जॅझवाल्यांवर टाकलेली नाही. त्याने काय केलं ते ऐकायचं असेल तर 'रागा मेघा' लावा. मेघात गंधार नाही, धैवत नाही. पाश्चात्त्य कॉर्ड बांधायला सगळ्यांत आधी गंधार लागतो, कारण कॉर्ड मेजर की मायनर हे तोच ठरवतो. तो काढून घेतला की जॅझवाल्याच्या पायाखालची नेहमीची फळी जाते. त्या अडचणीत सापडलेला सॅक्सोफोन काय करतो, यात खरी मजा आहे. रागाची शुद्धता तपासायला तुमच्याकडे आमिर खाँ आहेतच.

हा अल्बम तेव्हा मोठ्या कंपनीच्या शिक्क्याने निघाला, मग तो या यादीत कसा? कारण त्यामागे डेनिस प्रेस्टन होता. कंपनीचा पगारी नोकर न होता स्वतःच्या जोखमीवर ध्वनिमुद्रण करायचं आणि तयार टेप कंपन्यांना भाड्याने द्यायची, हा त्याचा धंदा. लंडनचा लॅन्सडाउन स्टुडिओ त्याचा अड्डा. आजची स्वतंत्र लेबलं ज्या तत्त्वावर चालतात ते हेच: टेपची मालकी आपल्याकडे ठेवा, शिक्का कुणाचाही मारा. साठेंचा तबला आवडला तर जर्मनीच्या साबा लेबलचा १९६७ चा 'जॅझ मीट्स इंडिया'ही शोधा. त्यात साठे आणि मोतीहार दोघेही आहेत, आणि पियानोवर स्वित्झर्लंडची इरेना श्वाइत्सर.

कोलकात्यापासून थोडं बाहेर जाऊन एक अल्बम इथेच सांगून टाकतो, कारण मराठी घरात तो नसणं बरं नाही. त्रिलोक गुर्टूचा 'उसफ्रेट', १९८८, जर्मनीचं सीएमपी हे छोटं लेबल. त्रिलोक मुंबईचा, आणि अल्बमवर गायला त्याची आई आहे, म्हणजे बेळगावच्या शोभा गुर्टू. पहिल्याच रचनेचं नाव 'शोभारॉक'. ज्यांच्या घरी शोभाताईंच्या ठुमऱ्या-दादऱ्यांच्या कॅसेट होत्या त्यांनी हा अल्बम अंधारात ठेवू नये.

आता प्रत्यक्ष कोलकात्यात राहून वाजवणारे. अमित दत्त हे तिथल्या गिटारवाल्यांचे गुरू म्हणावेत असे; दोन पिढ्या त्यांच्याकडे शिकल्या. 'अँबियन्स द दान्स', 'पिएत्रा दुरा', 'अमिनो अॅसिड' हे त्यांचे अल्बम. पहिल्या ऐकण्यात ते हाती लागतील अशी आशा ठेवू नका. सुरावट मध्येच तुटते, ताल मोजायला घ्यावा तर निसटतो, आणि गोड वाटावं म्हणून त्यांनी काही केलेलं नाही. पण गिटारचा प्रत्येक आवाज तोलून ठेवलेला आहे, हे चांगल्या हेडफोनवर लगेच जाणवतं. मोबाइलच्या स्पीकरवर हे अल्बम ऐकणं म्हणजे वेळ वाया घालवणं. त्यामानाने बोधिसत्त्व ट्रिओ सोपा वाटेल: गिटार, कीबोर्ड, ड्रम, रॉककडे झुकणारा बाज. त्यांचा 'द ग्रे अल्बम' तरुण श्रोत्यांना मी आधी देईन, अमित दत्त मागाहून.

आणि एक सावधगिरी. रूपा बिस्वास यांचा 'डिस्को जॅझ' हा १९८२ चा अल्बम सध्या कोलकात्याची सर्वांत प्रसिद्ध दुर्मीळ रेकॉर्ड आहे. ध्वनिमुद्रण कॅनडात कॅलगरीला, सरोदवर आशिष खाँ, शिक्का कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीचा. निघाली तेव्हा कुणी विचारली नाही. चाळीसेक वर्षांनी इंटरनेटवर त्यातलं 'आज शनिबार' जगभर गाजलं आणि अमेरिकेच्या न्यूमेरो ग्रुप या स्वतंत्र लेबलने २०१९ मध्ये ती पुन्हा काढली. सुरेख अल्बम आहे. पण त्यात डिस्को पुष्कळ आणि जॅझ नावापुरता. नाचायला घ्या, अभ्यासाला नको. मूळ मेगाफोनच्या प्रतीला लोक भलते पैसे मोजतात. तुम्ही न्यूमेरोची प्रत घ्या, आवाजही त्यात स्वच्छ आहे.

ऐकायचं कसं, याबद्दल एकच गोष्ट शिकून ठेवा, ती म्हणजे बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा ब्लूज. एका बारात चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांचं आवर्तन. पहिले चार बार घरच्या कॉर्डवर. पाचव्या बारला जमीन सरकते आणि मध्यमाच्या कॉर्डवर जाते, सातव्याला परत घरी. नवव्याला पंचमाच्या कॉर्डवर जाते, तिथे थोडा ताण येतो, आणि अकराव्याला पुन्हा घर. हेच आवर्तन रचना संपेपर्यंत फिरत राहतं आणि वादक त्यावर आपापली उपज मांडतो. आपल्याकडे सम कुठे आहे ते तबला सांगतो. इथे ते काम ड्रमपेक्षा डबल बास जास्त करतो. म्हणून पहिल्यांदा सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करा. बोटांवर ठोके मोजत फक्त बासच्या मागे जा. पाचव्या बारला जमीन सरकल्याचं तुम्हाला न मोजता कळायला लागलं की समजा काम झालं. मग वादक आवर्तनाच्या कडेवरून मुद्दाम पुढे कसा ओसंडतो, समेच्या जरा आधी किंवा नंतर कसा उतरतो, याची गंमत आपल्या श्रोत्याला कुणी समजावून द्यावी लागत नाही. ती सवय आपल्याला घरचीच आहे.

अल्बम बाजू-बाजूने ऐका. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं बसतात, आणि रचनांचा क्रम त्या हिशेबाने लावलेला असतो. सीडी आणि फाइलीवर ही मर्यादा गेली, तरी चांगली लेबलं अजून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांतच अल्बम संपवतात. यादीतून एकेक गाणं उचलून ऐकलंत तर शेवटची रचना शेवटी का ठेवली हे कधी कळणार नाही.

खरेदीचं आता. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी हे बरंच मिळतं, आणि चाचपणीला ते वापरायला काहीच हरकत नाही. पण तिथे दोन गोष्टी हरवतात. एक, कुणी काय वाजवलं याची नावं धड मिळत नाहीत, आणि जॅझमध्ये नावांवाचून पुढची वाट सापडत नाही. बासवाला आवडला तर तो आणखी कुणाकडे वाजवतो, हे बघतच संग्रह वाढतो. दुसरी पैशाची. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात हजार श्रवणं मिळत नाहीत त्याचे पैसे वादकाला मिळतच नाहीत. कोलकात्याच्या गिटारवाल्याचं सात मिनिटांचं वाद्यसंगीत हजाराच्या आत राहणं अगदी सहज शक्य आहे.

बँडकॅम्प हे त्याहून बरं दुकान. २००८ पासून चालू आहे. डिजिटल अल्बमवर ते १५ टक्के ठेवतात आणि उरलेले, व्यवहाराचा खर्च वजा जाता, वादकाला किंवा लेबलला जातात. २०२० पासून 'बँडकॅम्प फ्रायडे' नावाचे ठरावीक शुक्रवार असतात, त्या दिवशी ते आपला हिस्सा सोडून देतात. मोठी खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवा. बहुतेक अल्बम विकत घेण्याआधी पूर्ण ऐकता येतात. घेतल्यावर एमपीथ्री न उतरवता फ्लॅक ही फाइल उतरवा. जागा जास्त लागते, पण आवाज सीडीइतका राहतो आणि पुढे हवी तर त्यातून लहान फाइल करता येते. उलटं करता येत नाही. भारतातलं कार्ड असेल तर बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, नाहीतर पैसे भरताना गाडी अडते आणि दोष आपण त्या बिचाऱ्या लेबलला देतो.

परदेशातून एलपी मागवणं मात्र विचार करून. टपालखर्च पुष्कळदा रेकॉर्डच्या किमतीला टेकतो, वर सीमाशुल्क आणि जीएसटी लागू शकतो. चार रेकॉर्ड एकत्र मागवा, किंवा मराठी घरांची जुनी सोय वापरा: लंडनला, न्यू जर्सीला कुणी ना कुणी असतंच, त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि येताना आणायला सांगा. एलपीचं आवरण सव्वाएकतीस सेंटिमीटरचं चौकोनी असतं, ते हातातल्या बॅगेत बसतं. सामानात टाकायला देऊ नका.

छोट्या लेबलची पारख कशी करायची? कव्हरच्या मागे किंवा अल्बमच्या पानावर स्टुडिओचं, ध्वनिमुद्रकाचं, मास्टरिंग करणाऱ्याचं नाव आहे का ते पाहा. जो माणूस तबला कुणी वाजवला हे लिहायला विसरत नाही, तो बहुधा आवाजातही हयगय करत नाही. लेबलचे आणखी दोन अल्बम चाळा. जर्मनीचं ईसीएम १९६९ पासून एकाच माणसाच्या, मानफ्रेड आयशर यांच्या, कानावर चाललंय, आणि ते कुठल्याही अल्बमच्या पहिल्या मिनिटात कळतं. झाकीर हुसेन यांचा १९८७ चा 'मेकिंग म्युझिक' तिथलाच. मानुषी किंवा कामोचीसारख्या वादकाच्या स्वतःच्या लेबलकडून ती शिस्त मागू नये. तिथे आपण एका माणसाचं काम विकत घेतो, घराण्याचं नव्हे.

कोलकात्याला जाणं होणार असेल तर हिवाळ्यात जा. नोव्हेंबरच्या शेवटाच्या सुमारास 'काँगो स्क्वेअर' या आयोजक मंडळींचा जॅझफेस्ट बहुतेक वर्षी डलहौसी इन्स्टिट्यूटमध्ये असतो. तारखा दर वर्षी तपासून घ्याव्या लागतात. स्किनी मोज हा अलीकडचा जॅझ क्लब आहे, पार्क स्ट्रीटवर ट्रिंकाज अजून उभं आहे. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिकच्या कार्यक्रमांकडेही लक्ष ठेवा. कार्लटन किट्टो हा बीबॉप या जॅझशैलीतल्या गिटारचा जाणकार तिथे शिकवायचा. २०१६ मध्ये तो गेला. जन्मभर वाजवलं, पण त्याच्या नावावरची ध्वनिमुद्रणं मोजकीच. 'फाइंडिंग कार्लटन' हा २०११ चा माहितीपट जायच्या आधी पाहून घ्या, म्हणजे पार्क स्ट्रीटवर नुसतं जेवून परत येणार नाही. कार्यक्रम संपल्यावर वादकांकडे सीडी आहे का ते विचारा. लाजू नका, त्यांना बरंच वाटतं. बऱ्याच अल्बमांचं दुकान एवढंच असतं. घरी सीडी प्लेअर नसेल तर यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह घ्या आणि सीडी फ्लॅकमध्ये उतरवून ठेवा.

हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात उतरलात तर जतीन दास पार्कहून मेट्रो पकडा. चौथं स्थानक पार्क स्ट्रीट. तिथून चालत मिर्झा गालिब स्ट्रीटवर, म्हणजे जुन्या फ्री स्कूल स्ट्रीटवर, जुन्या रेकॉर्डची दुकानं आहेत. इथे घाई कामाची नाही. रेकॉर्ड आवरणातून बाहेर काढायची परवानगी मागा. कडा आणि मधला कागद एवढंच धरा, खोबणींना बोट लावू नका. उजेडाखाली तिरकी धरून फिरवा. केसासारखे वरवरचे चरे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा चरा दर फेऱ्याला टक वाजणार हे नक्की, आणि ३३ च्या गतीला ते दोन सेकंदांहून थोडं आधी पुन्हा वाजतं. मग डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकली आहे का ते बघा. मधल्या भोकाभोवती कागदावर पांढुरक्या रेषांचं जाळं दिसलं तर ती रेकॉर्ड पुष्कळ वेळा प्लेअरवर चढलेली आहे. शेवटी आवरणावर आणि तबकडीवर एकाच अल्बमचं नाव आहे ना, हे पाहा. कलकत्त्याच्या हॉटेल-बँडच्या आवरणात दुर्गापूजेची गाणी निघणं काही अपूर्व नाही. भाव डिस्कॉग्स या संकेतस्थळावर आधी बघून ठेवा, पण तिथला लंडनचा भाव दुकानदाराला दाखवू नका, कारण तो त्याने आधीच पाहिलेला असतो.

बंगालच्या आणि कोकणच्या दमट हवेत रेकॉर्डला बुरशी धरते. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. विनाइलची रेकॉर्ड ऊर्ध्वपातित पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसता येते. ७८ च्या जुन्या तबकडीला मात्र अल्कोहोल चुकूनही लावू नका. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला सुईही वेगळी लागते, एलपीच्या सुईपेक्षा तिप्पट जाड. वेदरफर्डची दमदमची तबकडी कुठे हाती लागलीच, तर आधी सुई बदला आणि मग वाजवा.